आधी खुंट पाय

बाळा, तुझ्या फ्रीमाँटच्या नव्या घराचे फोटो पोचले. स्वयंपाकघराचे सात आणि परसाचा एक. तो एकच मी मोठा करून चारदा पाहिला. खाली तू विचारलंस, ‘मोठे बाबा, इथे ज्याच्या त्याच्या अंगणात पर्सिमन आहे, आपणही लावू म्हणतो. फुयू घेऊ की हाचिया?’

हा दुसरा प्रश्न झाला. पहिला तू विचारलाच नाहीस.

काटोलला आपली संत्र्याची बाग होती तेव्हा तू जन्मलाही नव्हतास. कलमं घ्यायला जाताना माझे आजोबा, आबाजी, मला सोबत नेत. बाकीची गिऱ्हाइकं पानं चोळून वास घेत, कलमाची उंची मोजत. आबाजी धोतर सावरून उकिडवे बसत आणि जमिनीजवळचा सांधा बोटानं चाचपत. ‘अबे, आधी खुंट पाय, मंग फय,’ म्हणत. वर तर सगळ्यांचं एकच, नागपुरी संत्रं. फरक सगळा खाली. डोळा जंबेरी लिंबावर भरलाय की रंगपूर लिंबावर, यावरून त्या माणसाशी अर्धा तास हुज्जत चाले. आपल्या काळ्या मातीत ओल धरली की जंबेरीला डिंक्या लवकर गाठतो, रंगपूर जास्त तग धरतं. शेजारच्या बागा वाळताना बघून त्यांनी हे ठरवलं होतं.

मी १९८४ साली सॅक्रमेंटोच्या खोऱ्यात आलो. पहिल्याच नोव्हेंबरात हापिसातल्या एकानं पिशवीभर केशरी फळं दिली. भोवऱ्यासारखी टोकदार, बघून तोंडाला पाणी सुटावं अशी. मी तिथल्या तिथे एक चावलं. जीभ टाळूला चिकटली, घशात लोकरीचा बोळा बसल्यासारखं झालं आणि पुढचा अर्धा तास चहासुद्धा गिळवेना. पण गंमत सांगू? मला ती चव ओळखीची वाटली. कच्चं टेंभरू! मे महिन्यात जंगलाकडच्या बाया टोपलीत टेंभरं घेऊन बाजारात बसत. घाई करून अर्धपिकं खाल्लं की हीच शिक्षा. पुढे वाचनात आलं की नातं खरंच आहे. आपली टेंभुर्णी, जिच्या पानात विडी वळतात तो तेंदू, आणि हे पर्सिमन, दोघंही डायोस्पायरॉस प्रजातीतली. चुलत भावंडंच म्हण. म्हणून या झाडाशी वागताना मी पुष्कळदा तेंदूच आठवतो, आणि तो फसवत नाही.

तर पहिला प्रश्न. तुझ्या परसात पाणी मुरतं का?

फ्रीमाँटची माती चिकण. फोटोत कुंपणाजवळ जमिनीला भेगा दिसतात. उन्हाळ्यात भेगा पडणारी माती पावसाळ्यात पाणी धरून बसते, हे काटोलच्या माणसाला सांगायला नको. जिथे झाड लावायचं तिथे दीड फूट खोल खड्डा खण, पाण्यानं भर, ते जिरलं की पुन्हा भर. दुसऱ्या दिवशी सकाळी खड्ड्यात पाणी दिसलं तर जागा बदल, नाहीतर फूट-दीड फूट उंच वरंबा करून त्यावर लाव. हे झाल्याशिवाय नर्सरीत पाऊल टाकू नकोस.

आता खुंट. इथे तीनच चालतात आणि तिघांचे स्वभाव वेगळे.

कॅलिफोर्नियात सगळ्यात जास्त दिसतो तो लोटस. कमळ नव्हे, नुसतं नाव. आपल्याकडे पंजाब-काश्मीरकडे ज्याला अमलोक म्हणतात तेच हे झाड, फळ बोराएवढं. नर्सरीवाल्यांना तो आवडतो कारण त्याला तंतुमुळं भरपूर, उपटून दुसरीकडे लावला तरी कुरकुर करत नाही. थंडी सोसतो, थोडी चुनखडीची माती सोसतो. पण साचलेलं पाणी त्याला खपत नाही, मुळांवर गाठी येण्याचा रोग त्याला होतो आणि मर रोगही. आधीच्या मालकानं जिथे वर्षानुवर्षं टोमॅटोचा वाफा केला असेल त्या जागी लोटसवरचं झाड लावू नकोस. टोमॅटोची मर आणि याची मर करणारी बुरशी एकच, ती मातीत वर्षानुवर्षं टिकते.

आणि लोटसची सगळ्यात मोठी खोड म्हणजे खऱ्या फुयूशी त्याचं पटत नाही. हे मला ११ वर्षांनी कळलं. १९९१ मध्ये मी एका नर्सरीतून फुयू म्हणून रोप आणलं. तेव्हा मी खुंट विचारला नाही. आबाजींचा नातू असून विचारला नाही! अमेरिकेत सगळं नीटच असतं असा त्या काळी एक समज होता. झाड वाढलं, फळलं, मोठ्या आईनं गावभर वाटली. मग पानं ऑगस्टातच लाल व्हायला लागली, फळं लिंबाएवढी राहिली. मी खत घातलं, पाणी वाढवलं, दोन्ही चूक. अकराव्या हिवाळ्यात वारा सुटला आणि झाड सांध्यावरच मोडलं. आडवं, साफ, करवतीनं कापावं तसं. तुटलेल्या जागी वरचं लाकूड आणि खालचं लाकूड एकमेकांत शिरलंच नव्हतं, इतकी वर्षं नुसतं एकावर एक टेकून उभं होतं. खालून मात्र त्या वसंतात तरतरीत फुटवा आला, लहान, गर्द पानांचा. अमलोक.

तू म्हणशील, मग इथली हजारो फुयू लोटसवर कशी जगतात? माझा अंदाज असा की त्यातली पुष्कळ फुयू नाहीतच. बाजारात फुयू म्हणून जे विकतात त्यातलं बरंचसं जिरो असतं. ओळखायला सोपं. फळ उलटं करून बघ. खरं फुयू गोल, थोडं दबलेलं. जिरो चौकोनी, बाजूंना चार उथळ खाचा, जणू कोणी चार बोटांनी दाबलंय. जिरोचं लोटसशी पटतं. चवीत कोणाची हार नाही, मला तर जिरोच जरा जास्त आवडतं. तेव्हा खोटं नाव लावून कोणी खरं झाड देत असेल तर मी भांडायला जाणार नाही. पण वर खरंच फुयू आणि खाली खरंच लोटस असेल तर त्या झाडापासून दूर राहा.

दुसरा खुंट अमेरिकन पर्सिमनचा, व्हर्जिनियाना. या देशाच्या पूर्व भागातलं रानझाड, ओल्या जमिनीत उभं राहणारं. तुझा खड्डा सकाळी ओला निघाला आणि दुसरी जागाच नसली तर हा माग. त्याची किंमत मात्र पायाशी मोजावी लागते, मुळांतून धुमारे फुटतात. आपल्या तेंदूलाही फुटतात, आणि पत्ता तोडणाऱ्यांना तेच हवे असतात. फेब्रुवारी-मार्चात मुद्दाम छाटणी करून ते कोवळी पानं काढतात. तुझ्या लॉनमध्ये विडीची पानं कोणाला हवी आहेत? दर उन्हाळ्यात ते धुमारे उपटत बसावं लागेल. कातरायचे नाहीत, माती उकरून मुळापासून ओढायचे. कातरले की दुप्पट येतात. शिवाय या खुंटावरची सगळी झाडं सारख्या जोमानं वाढत नाहीत, एक धष्टपुष्ट तर शेजारचं किरकोळ.

तिसरा काकीचाच, म्हणजे जपानी पर्सिमनच्या बीचा. घरची सोयरीक, तक्रार नाही. फुयूला यावर बसव, काही होत नाही. गाठी आणि मर या दोन्ही बाबतींत लोटसपेक्षा धट्टाकट्टा. जपानात हाच पसंत करतात. पण त्याचं सोटमूळ लांब, तंतुमुळं थोडी, म्हणून जागा बदलली की रुसतो. मोठं झाड घेण्याच्या मोहात पडू नकोस. अंगठ्याएवढ्या खोडाचं, लहान, मुळं न तोडलेलं रोप घे. दोन वर्षं ते काहीच करत नाहीये असं वाटेल. ते खाली कामात असतं.

नर्सरीतल्या माणसाला खुंट कोणता विचारलास आणि तो ‘पर्सिमनच’ म्हणाला, तर नमस्कार करून पुढच्या दुकानात जा.

आता वरची जात. इथे दोन गोष्टी ध्यानात धर. काही जाती झाडावर कडक असतानाच गोड होतात, सफरचंदासारख्या चावून खायच्या. फुयू, जिरो, इझू या त्यातल्या. इझू झाड ठेंगणं आणि सगळ्यांच्या आधी पिकतं, लहान अंगणाला बरं. दुसऱ्या जाती पूर्ण गळाठेपर्यंत तुरट. हाचिया, सायजो, तानेनाशी. हाचियाचं फळ हातात घेतल्यावर पाण्यानं भरलेल्या फुग्यासारखं लिबलिबीत लागलं पाहिजे. ‘जवळजवळ पिकलंय’ असं हाचियात काही नसतं. तुरटपणा टॅनिनचा. फळ पिकताना ते टॅनिन गोठून बसतं आणि जिभेला लागेनासं होतं, नाहीसं होत नाही. म्हणून आंब्यासारखी आढी घालायची, कागदी पिशवीत एक-दोन केळी सोबत ठेवून. घाई असेल तर रात्रभर फ्रीझरमध्ये गोठवून सकाळी वितळवलं तरी तुरटपणा जातो.

कडक-गोड जातींना मात्र उन्हाळ्याची ऊब लागते. सॅन फ्रान्सिस्कोच्या समुद्राकडच्या वस्तीत, जिथे जुलैतही धुकं उठत नाही, तिथे फुयू झाडावर तुरटच राहू शकतं. तिथे राहणाऱ्यानं हाचिया-सायजोच लावावं, कारण ते घरात पिकवता येतं. तुझं फ्रीमाँट तेवढं थंड नाही, तुला दोन्ही चालतील. हिवाळ्याच्या थंडीची काळजी तर करूच नकोस. या झाडाला ७ अंशांखालचे १०० ते २०० तास मिळाले तरी पुरतात, चेरीसारखे नखरे नाहीत.

तुझी आई फोनवर म्हणाली, एक काडी नागपूरला आण, अंगणात लावू. वहिनींना माझा नमस्कार सांग आणि नाही म्हणून सांग. नागपूरच्या ४५-४६ डिग्रीत ते झाड रमायचं नाही. भारतात ते कुलूकडे होतं, निलगिरीत कुन्नूरला होतं; हिमाचलात त्याला जापानी फलच म्हणतात. आणि सामानातून काडी नेणं हा क्वारंटाइनचा गुन्हा आहे. वहिनींना टेंभरं खायला सांग.

न्यू जर्सीच्या ताईची गोष्ट उलटी. तिच्याकडे काकी कडक हिवाळ्यात मरूही शकतं. तिनं अमेरिकन जात लावावी, मीडर किंवा प्रोक, तीही व्हर्जिनियानाच्या खुंटावर. नाहीतर निकिताज गिफ्ट, क्रिमियात याल्टाजवळच्या निकित्स्की बागेत केलेला संकर. फळं लहान, पण गोडीला मधाच्या जवळची.

परागाचं एक राहिलं. फुयू-हाचियाला नराची गरज नाही, परागाशिवायच बिनबियांची फळं धरतात. एका मित्रानं हौसेनं चॉकलेट नावाची जात लावली. तपकिरी गराची, चव खरोखर छान, आणि ती बी धरल्याशिवाय कडक असताना गोड होत नाही. पण त्या झाडाला नरफुलंही येतात. तीन घरं पलीकडच्या म्हाताऱ्या जपानी बाईंच्या फुयूत अचानक बिया यायला लागल्या. त्यांनी काही म्हटलं नाही, फक्त पुढच्या वर्षी भेटीची पिशवी आली नाही. शेजार बघूनच नराचं झाड लावावं.

घरात खाणारं कोण, हेही बघ. तुम्ही दोघं डबा घेऊन जाणारी माणसं, कडक फळ कापून नेता येतं. तेव्हा पहिलं झाड कडक-गोड. हाचिया एका वेळी शंभर-दीडशे फळं अंगावर टाकतं, मग गर काढा, गोठवा, वाटा. मोठी आई तो गर चक्क्यात मिसळून श्रीखंड करते, आम्रखंडाची तहान भागते. आणि होशिगाकी, म्हणजे जपानी पद्धतीनं सुकवलेलं पर्सिमन, करायचं तर हाचियासारखं तुरट फळच बरं. साल काढून, देठाला दोरी बांधून टांगायचं, आठवड्यानंतर रोज हलक्या बोटांनी चोळायचं. महिना-सव्वा महिन्यात वर साखरेची पांढरी भुकटी येते. प्लेसर काउंटीतली जपानी कुटुंबं अजून करतात. तुझ्याकडे हवा दमट, बुरशी धरेल, आत पंखा लावून कर.

एक जपणूक. अर्धकच्चं हाचिया उपाशीपोटी पोटभर खायचं नाही. टॅनिनचा पोटात दगडासारखा गोळा होतो. पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी तर फारच सांभाळावं. त्या गोळ्यावर डॉक्टर कधी कधी चक्क कोला पाजतात. आबाजींनी हे ऐकलं असतं तर कोलाची बाटली औषधाच्या कपाटात ठेवली असती.

रोप जानेवारी-फेब्रुवारीत येतं, उघड्या मुळांचं. पिशवी सोडलीस की मुळं कोळशासारखी काळी दिसतील. घाबरू नकोस, परत करायला धावू नकोस. या झाडाची मुळं काळीच असतात, सडलेली नव्हेत. दाबून बघ, टणक असली की झालं. मऊ असतील, वास येत असेल तरच परत दे. खड्ड्यात बसावीत म्हणून मुळं कापायची नाहीत, खड्डा वाढवायचा. सांधा जमिनीच्या चार बोटं वर राहू दे. तो पुरलास तर वरच्या काडीला मुळं फुटतील किंवा खोड कुजेल, आणि मग खुंटासाठी केलेली एवढी हुज्जत वाया. शेंडा अडीच-तीन फुटांवर छाट. मार्च जाईल, एप्रिल जाईल, शेजारची सगळी झाडं हिरवी होतील आणि तुझं काठीसारखं उभं असेल. मे उजाडेपर्यंत वाट बघ. नखानं साल खरवडून खाली हिरवं दिसतंय तोवर ते जिवंत आहे. पान नसताना पाणी ओतत बसलास तर मात्र तूच मारशील.

खताचा हात आखडता ठेव. नत्र जास्त झालं की पानं माजतात आणि कोवळी फळं गळून पडतात. फळ येतं ते नव्या फुटीवर, आणि ती फूट निघते गेल्या वर्षीच्या काडीच्या शेंड्याकडच्या डोळ्यांतून. तेव्हा हिवाळ्यात सगळे शेंडे सरसकट छाटून झाडाचा गोल बुचडा केलास की पुढच्या वर्षी फळ विसर. लाकूड ठिसूळ असतं, एका डहाळीवर एकच फळ ठेव. तोडताना ओढायचं नाही, कात्रीनं देठासकट, चार पाकळ्यांची हिरवी टोपी शाबूत ठेवून.

एवढं लिहून झालं आणि फोटो पुन्हा उघडला. उजवीकडे शेडच्या मागे एक पानं झडलेलं उंच झाड आहे, वर चार-पाच केशरी ठिपके. ते पक्ष्यांनी सोडलेलं हाचिया आहे, बाळा. खोडाचा घेर बघता मोठं दिसतंय. सूनबाई म्हणाली होती ना, मागचं जुनं झाड काढून टाकायचंय, कचरा करतं? थांबवा. त्या चिकण मातीत ते इतकी वर्षं उभं आहे, म्हणजे त्याच्या खुंटानं तुझ्या परसाची परीक्षा कधीच दिलीय. वरची जातच बदलू. सगळी नाही, उत्तरेकडच्या तीन फांद्या ठेवू, श्रीखंडापुरत्या. त्यांच्यावरच झाड जगेल. बाकीच्यांवर कलम, दोन वर्षांत मिळून.

काडी जिरोची. फुयूची नको. खाली लोटस असला तर काय, हे आपल्याला दिसत नाही, मग कशाला विषाची परीक्षा? माझ्या जिरोच्या झाडाच्या पेन्सिलीएवढ्या काड्या मी जानेवारीत कापून ओल्या कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवतो. त्यांच्या शेजारी सफरचंदं ठेवू नयेत, हे मोठ्या आईला मीच बजावीन. तुला आणखी जाती चाखायच्या असतील तर इकडे विंटर्सजवळ वुल्फस्किलची सरकारी बाग आहे, डेव्हिसच्या भांडाराचा पर्सिमनचा संग्रह तिथे आहे. आणि हिवाळ्यात फळझाडांच्या हौशी मंडळींचे काड्या अदलाबदलीचे मेळे भरतात. तिथे जा, पण हावरटपणा करू नकोस. मी पहिल्या वर्षी १४ जातींच्या काड्या आणल्या होत्या, तीन जगल्या.

कलम एप्रिलच्या मध्यावर, साल सुटायला लागली की. तोवर झाडाला कोणी हात लावायचा नाही. मी दोन दिवस राहायला येईन. चाकू माझा असेल, कारण टॅनिननं कापलेली जागा बघता बघता काळी पडते आणि बोथट पात्याला तेवढा वेळ नसतो. तू शिडी, कलमाची पट्टी आणि खोडाला लावायला पांढरा पाण्याचा रंग आणून ठेव, फांद्या उतरवल्या की उघडं खोड उन्हानं भाजतं. आणि मी येण्याआधी शेडमागचा पालापाचोळा हटवून खोडाचा बुंधा मोकळा कर. सांधा कुठे आहे ते मला बसून बघायचंय.